मांडवीकाठचा चिखल

गोव्यास येणारा प्रवासी समुद्राकडे तोंड करून येतो आणि समुद्राकडे तोंड करूनच परत जातो. त्याला वाळू हवी असते, लाटा हव्या असतात, मावळता सूर्य हवा असतो. कोणी भाविक मंगेशी-म्हार्दोळच्या देवळांतील दीपमाळा पाहून जातो, कोणी इतिहासाचा भोक्ता जुन्या चर्चांच्या भिंतींवरून हात फिरवतो. परंतु ओहोटीच्या वेळी नदीकाठी जो काळाभोर चिखल उघडा पडतो, तो पाहण्यासाठी कोणी तिकीट काढून आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही मांडवीच्या काठाकाठाने जुने गोवे ते दोनापावला असा प्रवास केला, तो मुख्यतः या चिखलासाठी. अंतर म्हणाल तर अगदी थोडे. आम्ही मात्र त्यासाठी सबंध दिवस दिला होता.

प्रवासाची सुरुवात जुन्या गोव्यापासून करण्यात आमचा एक हेतू होता. आज तेथे भव्य चर्चे आहेत, हिरवळी आहेत, आणि मधोमध एक विलक्षण रितेपण आहे. एके काळी हे पूर्वेकडील नामांकित शहर होते. येथे मोठे राजकीय रुग्णालय होते. १६०८ च्या सुमारास गोव्यात आलेला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी स्वतः त्या रुग्णालयात आजारी म्हणून राहिला होता, आणि तेथील स्वच्छतेची व सेवाशुश्रूषेची त्याने तोंडभरून स्तुती केली आहे. पण पटकी आणि हिवताप यांच्या साथींपुढे त्या सुंदर रुग्णालयाचे काही चालले नाही. लोक शहर सोडून गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीस हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. वाडे पडले, रस्त्यांवर माड उगवले. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, की औषधावाचून शहर कसे मरते ते पाहायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. सेवा होती, स्वच्छता होती, प्रार्थना होती. रोगावर नेमका घाव घालणारे औषध तेवढे नव्हते.

जुन्या गोव्याहून नदीच्या कडेने रायबंदरला आलो आणि फेरीने पलीकडे चोडण बेटावर उतरलो. बेटाच्या टोकाशी पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १७८ हेक्टर. पण खारफुटीची अशी दाटी, की दुपारच्या उन्हातही आत संधिप्रकाश असावा. ओहोटी लागली होती. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून बोटे वर काढल्यासारखी उभी होती. निवट्या मासे पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारीत होते. इतक्यात मागून एका मुलीने नाकाला रुमाल लावून विचारले, "सर, या चिखलाला एवढा वास का येतो हो?"

प्रश्न फार चांगला होता. या चिखलात बोटभर खोलीखाली प्राणवायू जवळजवळ संपतो. तेथे राहणारे काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर गुजराण करतात आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो, तो सजीवांच्या एका दाट वस्तीचा उच्छ्वास असतो. चिमूटभर चिखलात कोट्यवधी जिवाणू नांदतात. जागा थोडी, अन्न थोडे आणि शेजारी अगणित. अशा ठिकाणी जगायचे तर शेजाऱ्याला दूर ठेवण्याचे काही साधन जवळ हवे. कित्येक जिवाणू ते रसायनांच्या रूपाने तयार करतात. माणसाने त्यातील काही रसायने उचलली आणि त्यांना प्रतिजैविके असे नाव दिले.

मातीतल्या या कारागिरांशी आपली ओळख फार जुनी आहे, फक्त ती नाकाने झालेली आहे. पहिल्या पावसानंतर जो मृद्गंध दरवळतो आणि ज्यावर आपल्या कवींनी इतके लिहिले, त्या गंधात स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा मोठा वाटा आहे. याच कुळातील एका जिवाणूपासून १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाने स्ट्रेप्टोमायसिन मिळवले आणि क्षयरोग्यांना प्रथमच खऱ्या औषधाची आशा लाभली. आपल्याकडे पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञांना पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला, आणि त्यापासून हामायसिन हे बुरशीवरील औषध तयार झाले. गावाच्या नावावरून त्या जिवाणूला 'पिंप्रिना' हे नाव मिळाले.

येथे कोणी विचारील, की मातीने एवढे दिले असता समुद्राच्या चिखलात हात घालण्याचे कारण काय? कारण असे, की मिळालेली औषधे निकामी होत चालली आहेत. हे वाक्य वर्तमानपत्रात अनेकदा वाचलेले असते, पण ते घरात शिरले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंवर शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली, पण पाठोपाठ मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला आणि ताप उतरेना. कल्चरचा अहवाल आला. त्यात वीस-बावीस औषधांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे पडणार नाही. कागद वरून खाली वाचत आलो तो आर, आर, आर. अगदी तळाच्या दोन नावांपुढे तेवढा 'एस' होता. दादांनी कागद हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "अरे, जन्मभर मुलांचे निकाल लावलेस तू, पण इतके नापास एका वर्गात कधी पाहिले होतेस काय?" आम्हाला हसू आले नाही. त्या तळाच्या दोघांपैकी एकाने दादांना वाचवले. त्याच्यापुढेही 'आर' असता तर काय, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरात सर्वांच्या मनात होता आणि कोणीही तो उच्चारला नाही. एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगातील सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळेच दगावली. त्यांच्यापैकी अनेकांच्या उशाशी असाच एखादा कागद असेल.

चोडणहून परतून आम्ही रायबंदर ते पणजी हा पोर्तुगीज काळचा लांब बांधरस्ता धरला. एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला जुनी मिठागरे व खारफुटी, असा तो रमणीय मार्ग आहे. पणजीत म्युनिसिपल बागेत घटकाभर विसावलो. या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हा वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला. येथल्या वनस्पती, मुळ्या, मसाले यांचे औषधी गुण त्याने स्थानिक वैद्यांना व व्यापाऱ्यांना विचारून जाणून घेतले आणि १५६३ मध्ये गोव्यातच आपला संवादरूप ग्रंथ छापला. औषधाच्या शोधात माणूस प्रथम झाडाकडे वळला, मग मातीकडे, आणि आता समुद्राकडे वळत आहे. या तिसऱ्या वळणाची पहिली मोठी कथा मात्र गोव्यात घडली नाही. ती घडली गोव्यासारख्याच एका बंदरात, भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटावरील काल्यारी या शहरी.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथे जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी सू सिक्कू या ठिकाणी थेट समुद्रात पडत असे. त्याच पाण्यात तरुण पोहत आणि तेथली शिंपली कच्ची खात. तरी विषमज्वराचा जोर मानावा तितका नव्हता. दुसरा कोणी दैवाची कृपा म्हणून गप्प बसला असता. ब्रोत्झूंनी १९४५ मध्ये सांडपाणी पडते तेथीलच पाणी तपासले आणि त्यातून सेफॅलोस्पोरियम ही बुरशी वेगळी केली. तिच्या रसाने विषमज्वराचे जंतू मरत होते. १९४८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष एका स्थानिक पुस्तिकेत छापले. पुढील काम करण्यास लागणारी साधने त्यांच्यापाशी नव्हती; म्हणून एका परिचित ब्रिटिश डॉक्टरच्या मध्यस्थीने त्यांनी ती बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तेथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी हे द्रव्य निराळे काढले, आणि १९६४ मध्ये त्या घराण्यातील पहिले औषध बाजारात आले. आज आपल्या प्रत्येक गावच्या औषधाच्या दुकानात 'सेफ' या अक्षरांनी सुरू होणारी जी गोळ्या-इंजेक्शने दिसतात, त्या सर्वांचे मूळपीठ गटाराच्या मुखाशी मिळालेली ती बुरशी होय.

संध्याकाळी आम्ही दोनापावल्यास पोहोचलो. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांची मुखे जेथे जवळ येतात तो हा डोंगराळ भूशिर. प्रवासी येथे छायाचित्रे काढण्यासाठी येतात. आम्ही मुलांना मागे वळून पाहावयास सांगितले, कारण मागे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. समुद्राचे प्रवाह, तळ, खनिजे, मासे आणि सूक्ष्मजीव यांचा अभ्यास करणारी ही देशातील अग्रगण्य संस्था गोव्याच्या भूमीवर असावी, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

समुद्री जिवाणूंपासून औषध कसे शोधतात, ते आम्ही तेथेच कठड्यावर बसून मुलांना सांगितले. तळाचा चिखल निर्जंतुक नळीत घेतात, पातळ करतात आणि काचेच्या बशीत थिजवलेल्या अन्नावर पसरतात. ते अन्न ज्या पदार्थाने थिजवतात तो अगर, म्हणजे आपल्या घरी मिठाईत वापरतात तो चायना ग्रास, स्वतःच समुद्रातील शेवाळापासून होतो. आणि प्रयोगशाळेत तो वापरावा ही सूचना १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या गृहिणीने आपल्या शास्त्रज्ञ पतीला केली होती. काही दिवसांनी बशीत जिवाणूंचे ठिपके उमटतात. मग त्यांच्याशेजारी रोगजंतू वाढवतात. एखाद्या ठिपक्याभोवती रोगजंतू फिरकत नाहीत आणि चंद्राला खळे पडावे तशी स्वच्छ जागा राहते. ते खळे दिसले म्हणजे शोधाला आरंभ झाला असे समजावे. अडचण अशी, की चिखलातील शंभरातला एक जिवाणूही साध्या बशीत वाढावयास राजी नसतो. त्याला त्याचे खारे पाणी, त्याची थंडी, त्याचे शेजारी लागतात.

समुद्रात सापडणारे स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू म्हणजे पावसाने वाहून आलेले जमिनीवरचेच बीजाणू, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. अमेरिकेतील पॉल जेन्सन आणि विल्यम फेनिकल यांना १९८९ मध्ये बहामा बेटांजवळच्या गाळात एक निराळाच गट मिळाला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावाचून तो वाढेना. पुढे त्याला सॅलिनिस्पोरा हे नाव मिळाले. म्हणजे समुद्राचे स्वतःचे कारागीर होते तर! त्यांच्यातील एक जाती तर रिफामायसिन बनवते. क्षयावरील आपल्या नेहमीच्या रिफाम्पिसिन गोळीचे मूळ याच द्रव्यात आहे. २००४ मध्ये जर्मन व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरील गाळातून अबिसोमायसिन मिळवले. जिवाणूंना आवश्यक असलेले फॉलिक आम्ल तयार होण्याची वाटच ते अडवते. माणसाच्या शरीरात ही वाट नसल्याने घाव जंतूवरच पडतो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्याजवळच्या गाळातील जिवाणूपासून अँथ्रासिमायसिन मिळाले. अँथ्रॅक्सच्या जंतूवर आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर त्याचा प्रभाव दिसला. तरीही समुद्री जिवाणूपासून मिळालेले एकही जंतुनाशक प्रतिजैविक अद्याप दुकानाच्या फळीवर आलेले नाही. बशीतील खळ्यापासून रुग्णाच्या शिरेपर्यंतचा मार्ग दहा-पंधरा वर्षांचा असतो, तो अमाप खर्चाचा असतो, आणि त्यावर निघालेली बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात.

हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "सर, मग समुद्रात इतकी औषधे असतील तर काळजीच नाही. एक बिघडले की दुसरे काढायचे." मुलाचे बोलणे भाबडे खरे, पण मोठी माणसेही मनातून असाच हिशोब करतात. म्हणून याच चिखलाची दुसरी बाजू सांगणे आम्हाला प्राप्त आहे.

ज्याच्या हाती तलवार आहे त्याला ढालही बाळगावी लागते. जो जिवाणू विष बनवतो, तो त्या विषाने स्वतः मरू नये अशी तजवीजही करतो. आणि शेजारीही ती विद्या शिकतात. कॅनडातील युकॉन प्रदेशात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत औषधरोधाची जनुके मिळाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ना डॉक्टर होते, ना औषधाचे दुकान. पेनिसिलिनचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच, १९४० मध्ये, त्याचा नाश करणारे द्रव्य जिवाणूंमध्ये असल्याचे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी नोंदवले होते. पुढे सेफॅलोस्पोरिन वेगळे करणारे अब्राहम ते हेच. आणि सर्वांत बोलके उदाहरण समुद्राचेच आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध माणसाने रसायनशाळेत घडवलेले. निसर्गात ते कधी नव्हते. तरी त्याच्या वर्गातील औषधांची धार बोथट करणारे एक जनुक रुग्णालयातील जंतूंमध्ये दिसू लागले. ते आले कोठून याचा माग काढता काढता २००५ मध्ये फ्रान्समधील संशोधक शेवानेला अल्गी या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूपर्यंत पोहोचले. ढाल समुद्रात आधीपासून होती. ती उचलून आपल्या जंतूंच्या हाती कोणी दिली, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर नदीच्या मुखाशी उभे राहिले म्हणजे डोळ्यांसमोर येते. घरातील मोरीचे, हॉटेलांचे, रुग्णालयांचे, कोंबड्यांच्या व कोळंबीच्या पैदाशीचे पाणी अखेरीस खाडीत उतरते. त्यात रोगजंतू असतात आणि न पचलेल्या औषधांचे अंशही असतात. येथे त्या जंतूंची गाठ समुद्राच्या मूळ रहिवाशांशी पडते. जिवाणू आपली जनुके प्लाझ्मिड नावाच्या लहानशा वेटोळ्यांतून एकमेकांस देऊ शकतात. त्याला जात-कूळ आड येत नाही. पाण्यात औषधाचा अंश असला की ढाल असलेला तेवढा टिकतो आणि वाढतो. म्हणजे ज्या चिखलात उद्याचे औषध घडत असेल, त्याच चिखलात त्याचा पराभवही घडू शकतो. काल्यारीच्या गटारमुखाने जगाला औषध दिले हे खरे. पण ब्रोत्झूंच्या काळी त्या गटारातून प्रतिजैविके वाहत नव्हती. आज कोणी तेथे किंवा येथे नळी बुडवली तर तिच्यात काय येईल, हे आपण वर काय सांडतो यावर अवलंबून आहे.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही असे आम्हाला वाटते ते यासाठी. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात बजावले होते, की औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट तयार होतील. आपल्या घरांतून काय चालते ते पाहावे. सर्दी-पडसे बहुधा विषाणूचे, त्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. तरी गेल्या खेपेची उरलेली पाकिटे डब्यातून निघतात. एक गोळी शेजारच्या काकूंना जाते, दोन मुलाला अर्ध्या करून दिल्या जातात, आणि मुदत संपलेल्या मोरीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांच्या पाकिटावर एक उभी तांबडी रेघ असते; ती ओळखण्यासाठी २०१६ मध्ये सरकारने देशभर मोहीमही काढली. ती रेघ घरातील शाळकरी मुलालाही ओळखता यावी. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, सांगितल्या वेळी, आणि ज्याला सांगितले त्यानेच औषध घ्यावे, हा नियम पाळण्यास पैसा लागत नाही.

दुसरे कर्तव्य चिखलाविषयीचे. आपल्या पूर्वजांनी खाजन शेतीचे बांध घातले, मानशीची दारे बसवली आणि भरती-ओहोटीशी शतकानुशतके समजुतीने व्यवहार केला. त्यांना जिवाणू ठाऊक नव्हते. पण चिखल ही निरुपयोगी जागा नव्हे, एवढे ठाऊक होते. आज खारफुटीत मातीचा भराव टाकताना 'जागा मोकळीच तर पडली होती' असे सहज म्हटले जाते. जुन्या काळी एखादे ग्रंथालय जळाले तर त्यातील कोणती पोथी गेली, हे निदान नोंदवहीतून कळत असे. भरावाखाली जे जाते त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

दादांच्या अहवालातील ती तळाची दोन नावे कोणीतरी, कोठल्यातरी मातीत, वर्षानुवर्षे खपून शोधली आणि आपल्या हाती दिली. त्यांच्याखाली आणखी एखाद-दुसरे नाव लिहिण्याचे काम दोनापावल्यासारख्या ठिकाणची माणसे करोत. त्यांच्यापुढील 'एस' हे अक्षर टिकवण्याचे काम मात्र आपल्या घरातील औषधांच्या डब्यापाशीच व्हावयाचे आहे.